बटण नाही, मग ती चालू होते कशी?



गेल्या पालकसभेत चहापोह्यांच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या आईंनी आमच्यातील विज्ञानाच्या बाईंना बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांच्या घरी धुण्याच्या कपड्यांत एक वस्तू सापडली होती. बोटाएवढी लांब, फिकट निळी, एका टोकाला चपटी. आधी त्यांना वाटले पेनड्राइव्ह असेल, मग वाटले फळ्यावर लिहायचे मार्कर असेल. टोपण निघेना आणि बटण कुठे दिसेना, म्हणून दोन दिवस ती फडताळात ठेवून दिली. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पाहताक्षणी सांगितले, "काकू, ही ई-सिगारेट आहे." वस्तू मुलाची नव्हती, कोणा मित्राने "जरा ठेव" म्हणून दिली होती, असे घरी सांगण्यात आले. ते खरे की खोटे हा त्या घरचा प्रश्न. आईंचा प्रश्न मात्र सरळ होता : "बाई, हिला बटण नाही, काडी ओढायची नाही, मग ही चालू होते तरी कशी?"

बाईंनी त्या दिवशी मोघम उत्तर दिले. नंतर शिक्षक-कक्षात विषय निघाला तेव्हा ध्यानात आले की आमच्यापैकी कोणालाच ते नीट सांगता येत नव्हते. आमच्या विश्वस्तांपैकी एकांनी सुचवले की वार्तापत्रात सावधगिरीची एक चौकट टाकावी. चौकट टाकायला हरकत नाही, पण मुले चौकटी वाचत नाहीत हा आमचा जुना अनुभव आहे. दुसऱ्या एका सहकाऱ्यांना अशी शंका आली की यंत्र कसे चालते हे छापले तर मुलांना शिकवल्यासारखे होईल. आम्हांला उलट वाटते. हे यंत्र चालवायला काही शिकावेच लागत नाही, हीच त्यातली गोम आहे. आणि ती गोम त्या न दिसणाऱ्या बटणातच दडलेली आहे. म्हणून हा लेख.

आधी एक प्रयोग करू. पाण्याचा पेला घ्या आणि त्यात शीतपेयाची पारदर्शक नळी उभी धरा. पेल्यातील पाण्याच्या पातळीपासून वर ५ सेंटिमीटरवर नळीवर शाईची खूण करा. आता हलकेच ओढा, पाणी खुणेपर्यंत आणा आणि तिथेच थांबवून धरा. किती कमी जोर लागला पाहा. खरे म्हणजे पाणी आपण ओढलेलेच नाही. आपण तोंडातल्या हवेचा दाब किंचित कमी केला आणि बाहेरच्या हवेने पाणी वर ढकलले. पाण्याचा १ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ म्हणजे सुमारे ९८ पास्कल दाब. तेव्हा खुणेपर्यंत पाणी आणताना आपण साधारण ४९० पास्कल दाब कमी केला. आपल्या इंदुरात हवेचा दाब ९५,००० पास्कलच्या आसपास असतो. म्हणजे फरक पडला तो जेमतेम दोनशेव्या भागाचा.

ई-सिगारेटला एवढाही फरक लागत नाही. तिच्यातील संवेदक साधारण दोन-तीनशे पास्कलला जागा होतो. नळीतून पाणी दोन-तीन सेंटिमीटर चढवण्याइतकी ओढ म्हणजे तिचे बटण.

आता हा संवेदक कसा असतो ते पाहू. स्नेहसंमेलनात नाटकातल्या मुलांच्या कॉलरला लावतो तो छोटा माईक सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या आत शर्टाच्या बटणाहून लहान अशी धातूची एक डबी असते. डबीत एक अतिशय पातळ पडदा ताणून बसवलेला असतो आणि त्याच्या मागे एक स्थिर चकती. दोहोंमध्ये हवेची बारीक फट. आवाजाने पडदा थरथरतो, फट कमी-जास्त होते आणि त्यातून विजेचा संकेत मिळतो. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पडदा वापरून असा स्वस्त माईक १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी तयार केला. पुढे टेपरेकॉर्डर, टेलिफोन, कानाची यंत्रे अशा असंख्य वस्तूंत तो गेला. ऐकू न येणाऱ्यांना त्याने ऐकू आणून दिले, हे विसरू नये.

ई-सिगारेटमधील संवेदक या माईकचा चुलतभाऊ शोभेल असा आहे. दिसायला इतका सारखा की ज्या चीनमध्ये ही यंत्रे सर्वाधिक बनतात तिथल्या कारखान्यांतही त्याला माईकच म्हणतात. तशीच गोल डबी, तसाच पडदा, तशीच चकती. फरक असा की माईकला सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होणारी थरथर पकडायची असते, तर याला एकच संथ ओढ पकडायची असते, एक-दोन किंवा तीन सेकंद टिकणारी.

पडदा आणि चकती मिळून एक कपॅसिटर होतो. दहावीच्या पुढे विज्ञान घेतलेल्यांना ठाऊक असेल की दोन पट्ट्या जितक्या जवळ, तितकी कपॅसिटरची धारकता जास्त. डबीतच एक चिमुकली चिप असते, तिचे काम ही धारकता मोजत राहायचे. मोजायची रीत मजेदार आहे. कपॅसिटर भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, आणि भरायला किती वेळ लागतो ते पाहायचे. नळ तोच असला तरी मोठा हंडा भरायला घागरीपेक्षा वेळ लागतो. तसाच जास्त धारकतेचा कपॅसिटर भरायला जास्त वेळ घेतो. पडदा सरकला की फट बदलते, फट बदलली की धारकता बदलते आणि भरण्याचा वेळही बदलतो. चिपला कळते की कोणीतरी ओढते आहे.

पडदा सरकायचा तर त्याच्या दोन बाजूंना दाब वेगळा हवा. म्हणून संवेदक रबरासारख्या मऊ सिलिकोनच्या बुचात घट्ट बसवतात. पडद्याची एक बाजू आतल्या हवेच्या वाटेशी जोडलेली, दुसरी बाजू बारीक छिद्रातून बाहेरच्या हवेला उघडी. हवा आत यायची भोके मुद्दाम लहान ठेवलेली असतात. ती मोठी असती तर हवा सरळ आत शिरली असती आणि दाब कमीच झाला नसता. ओढणाऱ्याला जो किंचित अडथळा जाणवतो तो तिथला. बूच सैल झाले तर यंत्र बंद पडते, आणि संवेदकावर द्रव गळून साचला तर कधी कधी कोणी न ओढताही आपोआप चालू राहते.

आता एक अडचण, जी आम्हांला स्वतःला फार रंजक वाटली. हवेचा दाब काही सर्वत्र सारखा नसतो. दर मीटर उंचीला तो सुमारे ११ ते १२ पास्कलने उतरतो. वीस मीटर जिना चढून गेलो तर दोनशेहून अधिक पास्कलचा फरक झालाच. अवंतिका एक्स्प्रेसने संध्याकाळी मुंबई सोडून सकाळी इंदूर स्थानकावर उतरणारा प्रवासी समुद्रकाठावरून साडेपाचशे मीटर उंचीवर आलेला असतो, म्हणजे त्याच्या भोवतीचा दाब रात्रीतून सहा हजारांहून अधिक पास्कलने घटलेला असतो. एका झुरक्याच्या वीसपट फरक! मग खिशातले यंत्र घाटातच चालू का होत नाही?

एक कारण वर आलेच. पडद्याच्या दोन्ही बाजू शेवटी बाहेरच्याच हवेला जोडलेल्या असल्याने हळूहळू होणारा बदल दोन्हीकडे सारखाच पोहोचतो. दुसरे कारण चिपच्या हुशारीत आहे. भाजीवाला वजन करण्याआधी तराजू रिकामा धरून पासंग पाहतो, तशी ही चिप थोड्या थोड्या वेळाने स्वतःचा पासंग काढत असते. उन्हाने पडदा थोडा सैलावला, पावसाळी हवेने दमटपणा आला, की ती तोच आकडा शून्य मानून नव्याने सुरुवात करते. सावकाश झालेला बदल म्हणजे हवामान, आणि एकाएकी झालेला बदल म्हणजे माणूस, एवढे एकच गणित तिला येते. हे सर्व ती इतक्या कमी विजेत करते की नुसती पडून राहिली तर महिनोन् महिने बॅटरी उतरत नाही.

ओढ ओळखली की चिप एक विजेचा दरवाजा उघडते. मॉसफेट नावाचा हा अर्धवाहक स्विच हलत नाही आणि टिकटिक वाजतही नाही. बॅटरीची वीज बारीक तारेच्या वेटोळ्यात शिरते. वरच्या वर्गांतील मुलांनी हिशेब करून पाहावा. बॅटरी ३.७ व्होल्टची आणि तारेचा रोध १.५ ओहम धरला तर शक्ती सुमारे ९ वॅट येते. घरातल्या लहान एलईडी दिव्याइतकी ही शक्ती, पण ती सारी मिलिमीटरभर जाडीच्या वेटोळ्यात एकवटलेली. पापणी लवेपर्यंत तार तापते आणि तिच्याभोवतीच्या कापसासारख्या वातीत मुरलेला द्रव उकळू लागतो. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची द्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. बाहेर पडतो तो धूर नव्हे, कारण काही जळलेले नसते. आणि नुसती पाण्याची वाफही नव्हे, जसे पुष्कळ मुले समजतात. वाफ थंड होऊन झालेले त्या द्रवाचेच सूक्ष्म थेंब असतात ते, थंडीत शेतावर उतरणाऱ्या धुक्यासारखे; फरक एवढाच की हे धुके फुप्फुसात उतरते.

झुरका थांबला की दाब सारखा होतो, पडदा जागेवर येतो, दरवाजा बंद. कोणी आठ-दहा सेकंदांहून जास्त ओढत राहिले तर बहुतेक चिपा स्वतःहून वीज तोडतात. ही दया ओढणाऱ्यावर नसून तारेवर व बॅटरीवर असते.

सर्वच यंत्रे अशी नसतात. काहींना बटण असते, काही आधुनिक यंत्रांत मोबाईलमध्ये उंची मोजायला असतो तसा वायुभारमापक असतो. पण खिशात लपणाऱ्या आणि वापरून फेकून द्यायच्या प्रकारांत बहुतेक वेळा वर सांगितलेला पडदाच सापडतो, कारण तो अगदी स्वस्त पडतो.

ही कल्पना कोणाची? विजेवर चालणाऱ्या, न जळणाऱ्या सिगारेटसाठी अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९६५ साली त्यांना ते मिळाले. पण ती वस्तू बाजारात चालली नाही. आज दिसते त्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांना देतात. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. २००३ साली त्यांनी आपले यंत्र सिद्ध केले आणि पुढच्या वर्षी ते चीनमध्ये विक्रीला आले. आरंभी तार तापवण्याऐवजी अतिध्वनी कंपनांनी द्रवाचे तुषार करण्याची त्यांची योजना होती, पण ओढ ओळखणारा संवेदक तेव्हापासूनच होता. सिगारेट ओढणाऱ्या माणसाला सिगारेट ओढल्यासारखे वाटावे हा त्यामागचा हेतू. बटण दाबून कोणी सिगारेट ओढत नाही. ज्याला सिगारेट सोडायची आहे अशा प्रौढ माणसासाठी ही सोय काढली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सोडवण्यास ती कितपत उपयोगी पडते यावर जाणकारांत वाद चालू आहे. शाळकरी मुलाला तर काही सोडायचेच नसते, तेव्हा त्या वादाशी आपले काम नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बिडी-सिगारेट वाईट खरी, पण तिच्यात अडथळे पुष्कळ असतात. ती कोपऱ्यावरच्या गुमटीतून आणावी लागते. काडी किंवा लायटर जवळ बाळगावा लागतो. पहिला झुरका घशाला झोंबतो, ठसका लागतो. बोटांना आणि शर्टाला वास राहतो आणि तो आजीला दारातूनच कळतो. आणि मुख्य म्हणजे ती संपते. दहा-पंधरा झुरक्यांनी थोटूक उरते, ते टाकावे लागते, दुसरी पेटवायची तर पुन्हा ठरवावे लागते.

पडद्याच्या या यंत्राने हे सारे टप्पे काढून टाकले. पेटवणे नाही, म्हणून सुरुवात नाही. थोटूक नाही, म्हणून शेवट नाही. एका यंत्रात शेकडो, कित्येकांत हजारो झुरके भरलेले असतात. त्यातील निकोटिन अनेकदा बेंझोइक आम्लासारख्या आम्लाशी संयोग करून क्षाररूपात घालतात, त्यामुळे घशाला झोंबणे कमी होते आणि जास्त निकोटिन सहज आत जाते. फुप्फुसातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूला पोहोचते. वाढत्या वयातील मेंदूला त्याची सवय लवकर जडते, आणि मेंदूची ही वाढ विशीच्या पुढेही चालू असते. अभ्यासाच्या खोलीत एक झुरका, गच्चीवर एक झुरका, स्वच्छतागृहात एक. किती झाले हे मुलालाही सांगता येत नाही, कारण मोजायला थोटकेच नाहीत. "मी फार ओढत नाही" असे मूल म्हणते तेव्हा ते दर वेळी खोटेच बोलत असते असे नाही. त्याला खरोखरच ठाऊक नसते.

आणि पडद्याला माणूस ओळखता येत नाही. चाळीस वर्षांचा गृहस्थ असो, नववीतला मुलगा असो, की सापडेल ते तोंडात घालणारे दोन वर्षांचे भावंड असो, दोन-तीन सेंटिमीटर पाण्याइतकी ओढ झाली की दरवाजा उघडतो. काडी पेटवता न येणाऱ्या बाळालाही हे यंत्र चालवता येते. घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट फार गंभीरपणे घ्यावी. आतला द्रव पोटात गेला तर निकोटिनची विषबाधा होते आणि लहान मुलाला त्याची अगदी थोडी मात्राही धोक्याची असते. तसे झाल्यास घरगुती उपाय करत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

कायद्याविषयी थोडक्यात. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. निकोटिन असो वा नसो, आकार कोणताही असो, नाव काहीही ठेवलेले असो, ती लागू आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. "मित्राला दोन आणून दिल्या" हेही वाटपात मोडू शकते, हे मोठ्या मुलांनी ध्यानात ठेवावे. बंदीचा आणखी एक अर्थ असा की इथे जे मिळते ते चोरट्या मार्गाने आलेले असते. वेष्टनावर निकोटिनचा जो आकडा छापलेला असेल त्याची तपासणी करणारे कोणी नाही.

घरात अशी वस्तू सापडली तर ती उघडू नये, कापू नये, चुलीत किंवा शेकोटीत टाकू नये. आत लिथियमची बॅटरी असते. ती टोचली वा चेपली तर पेट घेते. फेकून द्यायच्या प्रकारांतही पुष्कळदा पुन्हा भारित करता येण्याजोगी चांगली बॅटरी असते, आणि ती एकदा वापरून कचऱ्यात जाते. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरायच्या ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे मुलांच्या आरोग्याबरोबर हा कचराही एक कारण होते. आपल्या इंदुरात कचरा वेगवेगळा देण्याची सवय घरोघरी लागलेलीच आहे. तेव्हा ही वस्तू सुक्या कचऱ्यात न मिसळता गाडीवरील माणसांना बॅटरी असल्याचे सांगून वेगळी द्यावी. शाळेच्या आवारात सापडल्यास मुख्याध्यापकांकडे आणून द्यावी.

स्वच्छतागृहांत असे धुके ओळखणारी यंत्रे बसवावीत का, अशी विचारणा विश्वस्त मंडळाच्या बैठकीत झाली. परदेशांतील काही शाळांत ती आहेत. आमचे मत तूर्त प्रतिकूल आहे. तेवढ्या खर्चात प्रयोगशाळेला पुष्कळ काही घेता येईल, आणि एका संवेदकावर दुसऱ्या संवेदकाने पाळत ठेवण्याच्या खेळात मुले आमच्या पुढे असतात. त्याऐवजी असे ठरले आहे की ज्या विद्यार्थ्याला आपल्याला ही सवय लागली असे वाटते, त्याने आपल्या वर्गशिक्षकांशी किंवा विज्ञानाच्या बाईंशी स्वतः येऊन बोलावे. स्वतः आलेल्या मुलावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. त्याला विश्वासात घेऊनच घरी कळवले जाईल. तंबाखू व निकोटिन सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे, तिला पैसे पडत नाहीत.

नळी-पेल्याचा प्रयोग आठवीच्या मुलांनी करून पाहिला. खूण ५ सेंटिमीटरवर होती, पण बहुतेकांनी पहिल्याच ओढीत पाणी थेट तोंडापर्यंत आणले. पाणी खुणेवर थांबवून धरणे फक्त चौघांना जमले. पेले, पट्टी आणि नळ्या प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत. मधल्या सुट्टीत कोणीही येऊन करून पाहावा, नळी मात्र प्रत्येकाने आपली वेगळी घ्यावी. पालकांनाही आमंत्रण आहे.

— विज्ञान मंडळ